गरुडाची नाणी बांधात जाणार नाहीत

जय भीम. बसा बायांनो. काकाजी, तुमीबी बसा. मले बोलणं कठीण जाऊन राहिलं. पण आज गप बसली, तर माह्या माणसाले तुमी दुसऱ्यांदा माराल.

माहा नवरा सुदाम नवेगावात सायकलीचं दुकान चालवे. मागच्या सोमवारी पंक्चर काढता काढता छातीत कळ आली, अन् गेला. त्याले एकच नाद होता, नाण्यायचा. तोबी आफ्रिकेच्या नाण्यायचा! आपल्या बांधाच्या तलावावर पाखरं पाहाले आलेल्या एका पाहुण्यानं त्याले नामिबियाचं नाणं देलं होतं. त्यावर मासे धरणारा गरुड. मग काय, वेडच लागलं! कोणाकोणाले चिठ्ठ्या लिहून झांबियाचंबी मागवलं. मी म्हणो, "कायले पाहिजे हे? खाता येते का?" तो म्हणे, "अवो, आपल्या बांधावर मासे धरते ना, त्याचाच भाऊबंद आहे हा. पाह्य तं खरी!"

अन् आता गावात कुजबुज सुरू. गिधाड घरावर बसलं तं लोक घर सोडत. सुदामनं तं नाण्यावरची गिधाडं पेटीत ठेवली, म्हणून गेला म्हणे. काकाजी, तुमी माहे चुलत सासरे. तुमीच म्हणाले, नाणी बांधात फेका, नाहीतर पोरीवर येईल. पोरीनं ऐकलं ते. आता ते त्या पेटीजवळ जात नाही. बापाच्या पेटीले भेते माही पोरगी!

अजी, ते गिधाड नव्हेच. अन् असतं तरी काय? डॉक्टरनं बिडी सोडाले सांगितलं होतं, यानं सोडली नाही. बिडीचं बंडल बांधात फेका, असं सांगाले कोणी आलं नाही!

काकाजी, तुमच्याच तोंडून ऐकलं म्या. छप्पन साली तुमच्या बापानं घरातले देव टोपल्यात भरले अन् याच बांधात सोडले. गाव म्हणे, घराणं बुडंल. बुडलं का? तुमी तं समोर बसले, नातवंडायचे आजोबा! अन् आज पाखराच्या चित्राले काऊन भेऊन राहिले?

नाणी कुठं जाणार नाहीत. ती पोरीची आहेत. मी पेटी आणली आहे, एकेक नाणं हातोहात फिरवा. ज्याले भेव वाटते, त्यानं चप्पल घालावी अन् जावं. मी राग धरणार नाही. धरीनबी, कोण जाणे.

काकाजी, पहिलं तुमी घ्या. घ्या ना जी. हो, असं.

आता सारे उभे राहा. सुदामसाठी दोन मिनिटं कोणी बोलू नका. पोरी, इकडं ये. हात पुढं कर. घट्ट धर, तुह्या बापाचं आहे.