काटा वर येईपर्यंत

थोरली : निघ म्हणते ना! इंजिन चालू आहे, शटर वर आहे. आता काय मुहूर्त बघतेस?

धाकटी : थांब ना ताई. थंड आहे ती. रात्रभर गारठ्यात उभी होती.

थोरली : तुझ्या कपाळातून रक्त गळतंय, तुझा नवरा तिकडून दार फोडतोय, आणि तुला गाडीला थंडी वाजल्याची पडलीय?

धाकटी : तेल घट्ट असतं गं. टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यापर्यंत, पोचायला वेळ लागतो. पोचायच्या आधी जोर लावला की आतलं बेअरिंग झिजतं. आधी हा मोठा आवाज खाली बसतो. मग तेल किती तापलं ते दाखवणारा काटा उचलतो. काटा मधल्या रेघेवर आला की मगच गाडी हलवायची. त्याच्या आधी नाही.

(घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारावर पलीकडून हातोडा बसतो. दाराला या बाजूने कडी आहे.)

थोरली : ऐकलंस? ती कडी म्हणजे काय तुरुंगाचं कुलूप नाही. पुढच्या दाराला त्यानेच कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडे आहे, म्हणून इकडून फोडतोय. माझा हात सुजलाय, मला गिअर टाकता येत नाही, नाहीतर तुला मागे ढकलून मीच घेऊन गेले असते. माझ्या गाडीचे टायर फाडले त्याने, दोघींचे फोन भिंतीवर आपटले. त्याची ही लाडकी तेवढी उरलीय. घाल गिअर!

धाकटी : घालते. जरासा हललाय काटा.

थोरली : बघू हात. हा डाग. तव्यावर भाजलं म्हणाली होतीस मला.

धाकटी : सायलेन्सरवर.

थोरली : काय?

धाकटी : एकदा मी थंड गाडीला जोर लावला होता. औषधं आणायची होती, घाई होती. परत आले तर त्याने इंजिन चालूच ठेवलं. नीट गरम होऊ दिली तिला, अगदी प्रेमाने. मग माझा हात धरून मागे नेला आणि म्हणाला, गरम म्हणजे काय ते एकदा कळू दे तुला.

थोरली : आणि अजून तू त्या काट्याकडे बघत बसलीस?

नवरा : वा! आवाज काय सुरेख येतोय! एक्सलरेटरवर पाय नाही ना ठेवलास?

धाकटी : नाही हो.

थोरली : उत्तर देऊ नकोस त्याला!

नवरा : ताई, नवराबायकोच्या मध्ये तुम्ही पडू नका. इस्त्री घातलीत माझ्या डोक्यात, ते मी विसरलेलो नाही. तुमचा हिशेब वेगळा. काय गं, काटा कुठपर्यंत आलाय?

धाकटी : पहिल्या रेघेवर.

नवरा : शहाणी. शिकवलेलं वाया नाही गेलं म्हणायचं. आता घाई करायची नाही. तुला जायचंय ना? जा. मी कुठे अडवतोय? फक्त तिला गरम होऊ दे. एवढं तर करशील माझ्यासाठी?

धाकटी : हो.

थोरली : अगं, हातोडा थांबला. का थांबला? इतका गोड कधीपासून बोलायला लागला हा?

नवरा : आवाज खाली बसला का गं?

धाकटी : बसतोय.

थोरली : दाराकडे बघ! बिजागरीच्या बाजूला फट पडलीय, उजेड दिसतोय. स्क्रू काढतोय तो तिकडून! तुला बोलण्यात गुंतवून ठेवलंय, आणि तू पाढे म्हणतेस त्याच्यापुढे! घाल गिअर, नाहीतर दोघींची मढी निघतील इथून!

धाकटी : माझा पाय उचलत नाही, ताई. खरंच उचलत नाही. वाटतं, आत्ता हलवली तर तो मारेल.

थोरली : नाही हलवलीस तर काय आरती ओवाळणार आहे? पडलं! दार पडलं! लॉक कर, लॉक कर सगळं!

धाकटी : केलं.

थोरली : माझ्याच बाजूला येतोय. हातोडा उचललाय. डोकं खाली घाल, काच फुटणार आता!

नवरा : काच खाली घे.

थोरली : मुडद्या, जा!

नवरा : काच खाली घे म्हणतो. इस्त्रीची फेड करायचीय. तुझा एकेक दात मोजून खाली पाडतो की नाही बघ.

धाकटी : ताई, डोकं वर कर.

थोरली : वेड लागलंय तुला!

धाकटी : वर कर आणि बघ. हातोडा उचललाय त्याने, पण मारत नाहीये. काच फुटेल ना. तुकडे आत उडतील, सीटचं कातडं फाटेल. माझ्या मनगटावर पाय दिला तेव्हा त्याला विचार करायला एवढासुद्धा वेळ लागला नव्हता.

थोरली : अगं हो. हातोडा तसाच अधांतरी धरलाय त्याने.

नवरा : बाहेर ये! दोघीही बाहेर या! नाही येत? बरं. हा बघ, पुढे उभा राहिलो. घाल अंगावर! जीव आहे का तेवढा? काटा आला असेल ना आता, घाल!

थोरली : घाल गं. घालच. वर देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

धाकटी : नाही. मला रस्ता हवाय फक्त. काटा अजून खालीच आहे. ताई, कान झाक.

नवरा : ए! ए, काय करतेस? पाय काढ! थंड आहे ती!

धाकटी : बाजूला व्हा.

नवरा : इंजिनाचे फेरे लाल रेघेत गेले! अगं तेल नाही पोचलेलं, कोरडी फिरतेय ती! ऐक, ऐक तिचा आवाज, किंचाळतेय ती! तुला ऐकू कसं येत नाही?

धाकटी : हातोडा टाका. नाहीतर पाय तसाच ठेवीन.

नवरा : टाकला! हा बघ, टाकला! पाया पडतो तुझ्या. खरंच पडतो, बघ. तू म्हणशील ते करीन. मार मला, पोलिसांत दे, काहीही कर. तिने काय केलंय गं तुझं? तिला सोड!

थोरली : गुडघ्यावर आलाय. तुझ्या दाराशी. धाकटे, समोर मोकळं आहे!

धाकटी : निघाले.

नवरा : जा, ने! पण हळू ने गं! निदान पहिल्या वळणापर्यंत तरी हळू ने!

थोरली : दाब! मागे बघू नकोस, पळतोय तो मागून. दाब! लांब राहिला. पडला बहुतेक. हां, पडलाच. उठत नाही आता.

धाकटी : बस नीट. पट्टा लाव.

थोरली : मागे निळा धूर सुटलाय बघ. आणि हे शिट्टीसारखं काय वाजतंय?

धाकटी : टर्बो गेला.

थोरली : मग? बंद पडेल?

धाकटी : पेट्रोल पंपापर्यंत ओढेल. तिथून पोलिसांना फोन करू. नाही ओढली तर चालत जाऊ.

थोरली : मग आता रडतेस कशाला? सुटलीस ना! इतकी वर्षं डोळ्याला पदर लावला नाहीस, आणि आता त्या मेल्यासाठी?

धाकटी : त्याच्यासाठी नाही गं. मला वाटायचं, त्याच्या आत ते नसतंच. काही माणसांना नसतं, त्याला तो तरी काय करणार, असं म्हणत सगळं पोटात घातलं मी.

थोरली : काय नसतं?

धाकटी : दया. त्याला येते, ताई.