राहिलेलं बारसं

बुलढाण्याच्या बसस्थानकात माझ्या शेजारी एक पन्नाशीच्या बाई मांडीवर कुंडी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे कॉलेजची एक मुलगी.

"मावशी, कुंडी खाली ठेवा ना. हात दुखतीन."

"असू दे. धक्का लागते तिले."

"कायची वेल हाय?"

"आयव्ही. माह्या भाचीचं नावबी हेच. लहान्या भावाची पोरगी, अमेरिकेत झाली. तो म्हने, शालूताई, आयव्ही म्हंजे एकदा धरलं का सोडत नाही अशी वेल."

"बारशाले गेल्ता?"

"इतक्या दूर कोन नेते? फोन लावला त्याईनं. कानात नाव आत्यानंच सांगा लागते ना! मी नवं लुगडं नेसून बसली होती. पोरीच्या कानाले फोन लावला, म्या कुर्रर्र केलं, अन् तिकडं केक कापाले लागले. नाव राह्यलंच."

"मंग पुन्हा लावाचा फोन."

"लावला. म्हने, ताई, झालं ना आता, कायले पुन्हा?"

"मंग?"

"मंग काय, नर्सरीतून हे आनली. आज पाळन्यात ठेवतो अन् सांगतो हिच्याच कानात."

"वेलीले कान अस्ते का, मावशी?"

"फोनाले कुठी होते?"

"अन् पाळना म्हनाले घरी कोन हाय?"

गाडी लागली. बाई कुंडी सांभाळत उठल्या.

"तुलेबी रोहिणखेडलेच उतराचं हाय का, पोरी?"