मांडे चालतात

पारोळ्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मांडे भाजायचं खापर होतं.

“इंदिराअक्का, असे मांडे आता येतात कोणाले? लग्नघरात तुमची केवढी व्हॅल्यू!”

“शे ना, आहेच. नातीच्या लग्नात मला चुलीपुढून उठूच दिलं नाही.”

“मोनाली हळदीत कशी दिसत होती?”

“मी कुठं पाहिलं? हे वारले तेव्हापासून मी हळदीला चालत नाही.”

“अन् तुमच्या हातचे मांडे?”

“ते बठ्ठ्यांना, साऱ्या वऱ्हाडाला चालले. मागून मागून खाल्ले.”

“मोनाली काहीच बोलली नाही?”

“बोलली ना. म्हणे, ‘आजी, फोटो काढताहेत, तू मागेच बस.’”