पांढऱ्या अस्तरावरचं हिरवं

आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचं. नाहीतर मी घराणं सांगेन, दुकान सांगेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल, तशी ती तीन महिने राहिलीच होती. आमची कुत्री चिन्नी पिल्लं देताना अडली, चारातली तीन पिल्लं गेली, ती माझ्यामुळे गेली, आणि वर मी खोटं बोललो. आता मी सांगतो तसं तुम्ही लिहून घ्या.

आम्ही रंगारी. पणजोबांच्या आधीपासून म्हैसूरचेच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, आणि खरं म्हणजे घरातही अर्धं कन्नडच, माझी मुलगी पल्लवी चिडली की तिला मराठी सुचतच नाही. रंगाचा धंदा आजोबांबरोबर संपला. माझं देवराज मोहल्ल्यात लहानसं दुकान आहे, फॉल, अस्तर, ब्लाउज पीस. बायका साडी पुढे टाकतात आणि मी गठ्ठ्यातून बरोबर तीच छटा ओढून देतो. रंगातलं मला कळतं असा माझा गर्व, आणि घात तिथेच झाला.

लहानपणी आजोबांची निळीची कुंडी पाहिलेली, परसात जमिनीत पुरलेली. त्यातून कापड वर काढलं की ते निळं नसतं, हिरवं असतं, वारा लागला की मग डोळ्यांदेखत निळं होत जातं. आजोबा म्हणायचे, हिरवं आलं म्हणजे कुंडी पिकली, आता कोणी ढवळू नका, हात घातला की नासली. आम्ही मुलं हात पाठीमागे बांधून उभी राहायचो. कुंडी बुजून किती वर्षं झाली, ते शिकलेलं काही डोक्यातून गेलं नाही.

चिन्नी पल्लवीची. गोकुलममध्ये एका योगशाळेच्या ऑफिसात ती काम करते, तिथल्या फाटकाशी हे एवढंसं पिल्लू सापडलं, ते पिशवीत घालून घरी आणलं. आमची ही म्हणाली, अय्यो, आता हे एक. पण पोळी तूप लावून तीच द्यायची. चिन्नी गाभण राहिली तेव्हा पल्लवीने मागच्या खोलीत खोका मांडला आणि मी दुकानातून पांढऱ्या अस्तराचे तुकडे आणून अंथरले. पांढरे, म्हणजे स्वच्छ राहिलं की कळेल. मीच आणले, अल्वा, हो ना.

त्या दिवशी ही माहेरी गेलेली. चिन्नी सकाळपासून धापा टाकत होती, जमीन उकरत होती. पल्लवीचं ऑफिसात महत्त्वाचं काम होतं, तिचा पाय निघेना. मी म्हटलं, जा, मी आज दुकान उघडत नाही, मी आहे ना. ती म्हणाली, अप्पा, जरा काही वेगळं दिसलं तरी फोन करा. ती गेली, आणि साडेआठला अस्तरावर हिरवं आलं. गडद, ओलं हिरवं. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. काय सांगू तुम्हाला, मला बरं वाटलं. म्हटलं, पिकलं, आता होईल, आता हात लावायचा नाही.

दहाला तिचा फोन आला, कसं आहे अप्पा? मी म्हटलं, सगळं बरोबर चाललंय. बाराला पुन्हा आला. तोवर चिन्नीने कळा देऊन देऊन मान टाकली होती, माझ्याकडे बघायची आणि डोळे मिटायची. तरी मी तेच म्हटलं. पल्लवी म्हणाली, मी डॉक्टरांना विचारू का? मी म्हटलं, घाई केली की नासतं, तू तुझं काम कर. भिजलेला तुकडा काढायचा, बादलीत पाण्यात टाकायचा, नवा घालायचा, एवढंच मी करत होतो. डाग वाळू द्यायचा नाही, ही आमची जुनी सवय.

दोनला पल्लवी न सांगता आली. चिन्नीला बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, सुम्निरी अप्पा, गप्प बसा. चादरीत गुंडाळून रिक्षातून नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात लावला आणि विचारलं, हिरवं कधीपासून जातंय? पल्लवी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, तासभर झाला असेल.

तासभरच, म्हणून बाईंनी आधी हाताने प्रयत्न केला, अर्धा तास त्यात गेला, मग ऑपरेशन. पहिलं पिल्लू आडवं अडकलेलं, आधीच मेलेलं. त्याच्या मागची दोन नुकतीच गेली असावीत, अंग अजून मऊ होतं. चौथं हललं. बाई हातमोजे काढताना म्हणाल्या, एका तासात एवढं कसं झालं, हिरवं आलं की लगेच आणायचं असतं, पिल्लांची वार आत सुटलेली असते. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

चिन्नी वाचली, पण तिला दूध आलं नाही. पल्लवी त्या एका पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजायची आणि पाजताना रोज म्हणायची, मी रजा घ्यायला हवी होती, मी उशीर केला. मी शेजारच्या खोलीत ऐकायचो. बादलीतले सहा तुकडे मी धुऊन दुकानात काउंटरखाली नेऊन ठेवले होते. डाग गेले नव्हते. वारा लागून ते निळेही झाले नाहीत.

मागच्या महिन्यात माझी पुतणी आली, सातवा लागलेला. पल्लवीला म्हणाली, अक्का, बाळंतपणात तू माझ्याजवळ राहा. पल्लवी म्हणाली, नको, माझ्यावर विसंबू नकोस, मी वेळेवर पोचत नाही. हसून म्हणाली. मी ताटावरून उठलो.

दुकानात जाऊन तुकडे घेऊन आलो आणि तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ एकेक उलटून बघत होती, मग उठून आत गेली. अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते, जेवलात का, किल्ली कुठे आहे, एवढंच. चिन्नी मात्र माझ्या पायाशीच झोपते, तिला कोण सांगणार? पुतणीकडे पल्लवी जाणार आहे, बॅग भरून ठेवली आहे. मला एवढं पुरे. तुकडे पुढे ठेवताना मी तिला काय म्हणालो ते तेवढं जसंच्या तसं लिहा.

पल्लवी, हिरवं साडेआठलाच आलं होतं. तुला फोनवर मी सगळं बरं आहे म्हटलं, डॉक्टरांना तासभर म्हटलं. तू उशीर केला नाहीस, मी तुला थांबवलं. माझं चुकलं. मला माफ कर.