विचारायचं नसतं

हर्लिंडा : दार उघड ना गं! गोड पाव गरम आहेत, हात भाजतोय माझा.

ओब्दुलिया : त्या जुन्या युनियनच्या लाल टोपीवाल्यांना नेऊन दे. काल त्यांचं बार्बाकोआचं मटण ओरपत होतीस.

हर्लिंडा : होते ओरपत. फुकटचं होतं आणि झालंही झकास होतं. अख्खा कारखाना ओरपत होता, सगळ्यांनी त्यांच्या टोप्याही घातल्या होत्या. आणि मतमोजणीत जिंकलं कोण?

ओब्दुलिया : आमची नवी युनियन.

हर्लिंडा : मग? जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं होय? सरक, आत येऊ दे.

ओब्दुलिया : ये, बस. तुला काय सांगू, काल गेटातून आत पाहिलं तर जिकडेतिकडे लालच लाल. म्हटलं, संपलं. पुन्हा मला घरी बसवणार. आणि त्या गर्दीत तू, माझ्या पोरीची धर्ममाता, लाल टोपी घालून!

हर्लिंडा : न घालून काय करू? सुपरवायझर दारात उभा राहून वाटत होता.

ओब्दुलिया : मागच्या वेळीही असंच. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना उभं करून विचारलं, जुनी युनियन हवी ना? सगळ्यांचे हात वर, तुझाही. माझा एकटीचा खाली. दुसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र गेटावर चालेना.

हर्लिंडा : मॅनेजर समोर होता, ओब्दुलिया. घाबरले मी. आणि ती युनियन तरी कसली! इतकी वर्षं पगारातून वर्गणी कापली, त्यांचा पुढारी काल पहिल्यांदा पाहिला. मटण वाढताना!

ओब्दुलिया : तो पुढारी होता? मला वाटलं आचारी आहे!

हर्लिंडा : हसलीस एकदाची. मला एक सांग, तुला परत कामावर घेतलं, पडदे लावून मतदान झालं, बाहेरची माणसं देखरेखीला आली, हे सगळं खरंच त्या अमेरिकेच्या व्यापार करारामुळे?

ओब्दुलिया : हो. त्यात कामगारांचं कलम आहे. आपली तक्रार वॉशिंग्टनपर्यंत गेली. ते म्हणाले, बाईला परत घ्या, गुप्त मतदान घ्या, नाहीतर तुमच्या गाड्यांच्या वायरी सवलतीत सीमेपार येणार नाहीत.

हर्लिंडा : म्हणजे तुझ्या रडण्यानं मालकाला पाझर फुटला नाही, ट्रक अडतील म्हटल्यावर फुटला. आणि त्या अमेरिकन ग्रिंगोंना तरी आपला पुळका कशाला? आपण स्वस्तात राबतो, म्हणून त्यांची कामं मेक्सिकोत येतात. त्याची पोटदुखी ती.

ओब्दुलिया : असू दे की! मी गेटाबाहेर उन्हात उभी होते तेव्हा इथल्या कुणाचं काय दुखलं?

हर्लिंडा : बरं, पण सोमवारी काय बदलणार? टॉयलेटला जायचं तर त्याच लाकडी बिल्ल्याची वाट बघायची. सगळ्या लाइनीला एकच बिल्ला. परवा ती गरोदर पोरगी रडली गं.

ओब्दुलिया : सोमवारी तोच बिल्ला. मालकाशी बोलणी करायला बसलो की पहिला तोच काढायला लावणार. नाही काढला तर भांडायचं. कराराच्या कागदानं भांडण काही जिंकून दिलेलं नाही. भांडलीस म्हणून कुणी हाकलणार नाही, एवढंच दिलंय. पण काल मला झोप लागली, हर्लिंडा. किती महिन्यांनी!

हर्लिंडा : दिसतंय. गालावर उशीचा वळ आहे अजून.

ओब्दुलिया : खरं सांग. कुणाला दिलंस?

हर्लिंडा : काय?

ओब्दुलिया : मत.

हर्लिंडा : ते विचारायचं नसतं.

ओब्दुलिया : मीसुद्धा?

हर्लिंडा : तू तर मुळीच नाही. भोंगा घेऊन गेटावर कोण ओरडत होतं? मालकानं विचारायचं नाही, युनियननं विचारायचं नाही, नवऱ्यानंसुद्धा विचारायचं नाही!

ओब्दुलिया : मीच.

हर्लिंडा : मग?

ओब्दुलिया : बरं बाई, चुकले. नाही विचारत. दालचिनी घालून कॉफी केलीय, देऊ?

हर्लिंडा : दे. आता नक्की विचारत नाहीयेस ना?

ओब्दुलिया : नाही म्हटलं ना.

हर्लिंडा : मग मला सांगायचंय. थांब, आधी दार लावून येते.

ओब्दुलिया : लाव.

(हर्लिंडा दारापाशी जाते. बाहेर शेजारणी बसल्या आहेत.)

हर्लिंडा : नको, राहू दे उघडंच. तुलाच दिलं गं.