बसा, कायक चाललंय

तुम्ही सगळे आता ‘ड्युटी’ म्हणायलाव. आमच्या राजेश्वर गावात शब्द होता कायक. मूळ कन्नडातला. काय म्हणजे देह. देह झिजवून करायचं ते कायक, आणि तीच पूजा. ती चालू असताना गुरू आला तरी उठायचं न्हाई.

निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. बिदरहून अक्काला बघायला पाहुणे आले. अप्पा शिलाई मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, “बसा, कायक चाललंय.”

मला वाटलं, मोडली सोयरीक.

झंपर पुरा करून अप्पा उठले, तर पाहुणे पानसुपारी घेऊन निघालेले. चुलीपुढं भाकरी थापत आईनं मुलाच्या आईशी बोलून अक्काचं लग्न पक्कं केलेलं!

अप्पा तणतणत आत गेले. “मला कामून विचारलं न्हाई?”

आईनं परातीवरची मान काय उचलली न्हाई.

“बसा,” म्हणाली, “कायक चाललंय.”