मुठीतलं पातं

जावा बेटावरच्या गिरणीवर, भात सडायच्या रांगेत सुमियाती उभी होती. तिच्या पुढे तुकिनेम आजी आणि सून लास्मी यांची जुंपली होती.

"दुप्पट पोती झाली आई. जगाला पुरेल एवढं पिकलं, तरी तुमचं तोंड वाकडं."

"भाताची देवी श्री रुसून गेली, तर पुढच्या हंगामात काय पिकवशील?"

"म्हणून कापणीच्या मशीनवाल्याला तासभर ताटकळत ठेवलंत?"

"पहिली लोंबी हातानेच खुडायची. बोटभर सुरीचं पातं, तेही मुठीत लपवून. दिसलं की ती घाबरते."

"आणि मागे हत्तीएवढं मशीन धडधडत होतं, ते?"

आजीचा चेहरा एवढासा झाला.

"बरं, पुढच्या वेळी तुमची लोंबी खुडून होईस्तोवर मशीनवर ताडपत्री टाकू."

"मोठी आण. चाकं दिसतात."